दोन मीटर बाय दोन मीटर

व्हीआर हेडसेटच्या जाहिरातीतली खोली नेहमी रिकामी असते. पांढऱ्या भिंती, चकचकीत फरशी, कोपऱ्यात एखादी कुंडी आणि मधोमध हात फैलावून उभा असलेला, कशालाही न धडकणारा माणूस. ‘क्वेस्ट’ हेडसेट बनवणारी मेटा कंपनी खोलीत हिंडून-फिरून खेळायचे असेल तर किमान दोन मीटर बाय दोन मीटर जागा मोकळी ठेवायला सांगते. आपल्या हिशेबात साडेसहा फूट बाय साडेसहा फूट. आता कर्जत तालुक्यातल्या मिरजगावात, नगर-सोलापूर रस्त्यालगतच्या एखाद्या घराची पुढची खोली डोळ्यांपुढे आणावी. दिवाण, टीव्हीचे शोकेस, लोखंडी कपाट, प्लास्टिकच्या खुर्च्यांची चवड, रात्री आत घेतलेली मोटारसायकल, हंगामात भिंतीला लावलेली ज्वारीची पोती. आणि या सगळ्याच्या वर, सावकाश गरगरणारा पंखा.

पंख्याची गोष्ट थट्टेची नाही. साडेपाच फुटी माणसाने हात वर केला की बोटे सात फुटांच्या आसपास पोहोचतात. त्याच हातात कंट्रोलर असला आणि डोळ्यांपुढे उडता चेंडू असला, तर तो टाचा उंचावतो, उडीही मारतो. स्लॅबच्या घरात थोडी सूट मिळते. जुन्या माळवदाच्या घरात किंवा उतरत्या पत्र्याच्या खोलीत मिळत नाही. जमिनीवर आखलेल्या हद्दीबाहेर पाऊल पडले तर हेडसेट जाळी दाखवून सावध करतो. डोक्यावर काय फिरते आहे ते खेळणाऱ्यानेच लक्षात ठेवायचे असते.

म्हणून मिरजगावसारख्या गावात हेडसेट घ्यायचा तर पहिली खरेदी मोजपट्टीची. जागा दोन मीटर भरत नसेल तर निराश व्हायचे कारण नाही. उभ्याने एकाच जागी किंवा खुर्चीत बसून खेळण्याजोगे खेळ पुष्कळ आहेत. ‘मॉस’ या २०१८ सालच्या खेळात खेळाडू बसून राहतो आणि एका चिमुकल्या उंदरीला वाट दाखवतो. गाड्यांच्या शर्यती आणि विमाने तर बसूनच चालवायची. मात्र जागा एवढीच असेल तर कोणता हेडसेट घ्यावा आणि मुळात किती पैसे घालावेत, हा हिशेब बदलतो, आणि तो खरेदीच्या आधी व्हायला हवा.

जागेवर हमखास सुचणारा उपाय म्हणजे गच्ची. तो सुचताक्षणी सोडून द्यावा. हेडसेटमधली भिंगे सूर्यप्रकाश एकवटून आतल्या पडद्यावर टाकतात आणि थोड्याच वेळात पडद्यावर कायमचा डाग पडतो. हेडसेट काढून कठड्यावर उलटा ठेवला तरी हे घडते. उन्हात बाहेरचे कॅमेरे गोंधळतात ते वेगळेच. रात्री जावे तर अंधारात कॅमेऱ्यांना काही दिसत नाही. आणि ज्या गच्चीला पुरता कठडा नाही तिथे डोळे झाकून फिरण्याबद्दल अधिक काही लिहायला नको.

व्हीआरशी पुष्कळांची पहिली ओळख झाली ती स्वस्तातल्या खोक्यामुळे. २०२३ च्या आयपीएल हंगामात जिओने ‘जिओडाइव्ह’ नावाचा हेडसेट १,२९९ रुपयांना आणला. त्यात स्वतःचा पडदा नव्हता. आपला मोबाइल पुढच्या खाचेत बसवायचा, भिंगांतून पाहायचे आणि चहूबाजूंनी मैदान असल्याचा अनुभव घ्यायचा. कल्पना जुनी होती. गूगलने २०१४ च्या जूनमध्ये पुठ्ठ्याचा ‘कार्डबोर्ड’ दाखवला, तेव्हापासून मोबाइल कोंबायची असंख्य खोकी बाजारात आली आणि भेट म्हणूनही वाटली गेली. गूगलने स्वतः २०२१ मध्ये कार्डबोर्डची विक्री थांबवली. या खोक्यांना मान वळवलेली कळते, पण पाऊल पुढे टाकलेले कळत नाही. तुम्ही वाकलात तर समोरचे दृश्य वाकत नाही, तुमच्याबरोबर खाली सरकते. हात तर त्या जगात नसतातच. मोबाइलवर व्हिडिओ पाहायला हे चालून जाते. खेळायला चालत नाही. हजार-दीड हजारांत ‘व्हीआर’ घेऊन आठवड्याभरात ते कपाटावर टाकणारे आणि वर ‘व्हीआरमध्ये काही दम नाही’ असे सांगणारे लोक खरे तर व्हीआर न पाहताच निकाल देत असतात.

डोळ्याला फसवून दुसऱ्या जगात नेण्याची हौस महाराष्ट्राला नवी नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० च्या दशकात काचेवर रंगवलेली चित्रे पडद्यावर हलवून ‘शांबरिक खरोलिका’चे प्रयोग केले, ते सिनेमाच्या आधीचे. नंतर जत्रेत तंबूतला सिनेमा आला. अलीकडे, २०१३ मध्ये, ‘झपाटलेला २’ने तात्या विंचूला थ्रीडी चष्म्यातून प्रेक्षकांच्या अंगावर सोडले. फरक एवढाच की तिथे शेकडो जण एका पडद्याकडे बघत होते आणि हेडसेटमध्ये एकाच माणसापुरता तंबू असतो. घरातल्या बाकीच्यांना दिसतो तो हवेत हात मारणारा मुलगा.

आजच्या हेडसेटची कुळकथा थोडक्यात सांगता येते. १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी छताला टांगलेले, डोक्यावर बसणारे यंत्र बनवले. १९९५ मध्ये निन्टेंडोने ‘व्हर्च्युअल बॉय’ आणला, त्यात सगळे जग लाल रंगात दिसे आणि तो वर्षभरही तगला नाही. मग २०१२ च्या ऑगस्टमध्ये पामर लकी या तरुणाने ‘ऑक्युलस रिफ्ट’साठी लोकांकडून अडीच लाख डॉलर मागितले, तर सुमारे चोवीस लाख मिळाले. दोन वर्षांच्या आत फेसबुकने, म्हणजे आजच्या मेटाने, ती कंपनी दोन अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले. २०१६ मध्ये रिफ्ट, एचटीसी व्हाइव्ह आणि सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर असे तीन हेडसेट विक्रीला आले. तिघांनाही तार होती, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला महागडा संगणक किंवा प्लेस्टेशन होता. तार तुटली २०१९ मध्ये. त्या वर्षीच्या पहिल्या ‘क्वेस्ट’मध्ये संगणक हेडसेटच्याच आत बसला आणि भिंतीला लावायचे सेन्सर जाऊन त्यांची जागा हेडसेटवरच्या कॅमेऱ्यांनी घेतली. गावातल्या घरात व्हीआर शक्य झाले ते या दोन बदलांमुळे.

आज घरी खेळण्यासाठी हेडसेट निवडणाऱ्यापुढे मुख्यतः तीन वाटा असतात: स्वतःपुरता स्वतंत्र चालणारा हेडसेट, प्लेस्टेशनला जोडायचा हेडसेट आणि गेमिंग संगणकाला जोडायचा हेडसेट. तिसऱ्या वाटेवर सगळ्यांत उंच शिखरे आहेत. मार्च २०२० मध्ये आलेला ‘हाफ-लाइफ: अलिक्स’ हा खेळ अजूनही व्हीआरचा मानदंड म्हणून दाखवला जातो. पण त्याला किमान बारा जीबी रॅम आणि एनव्हिडिया जीटीएक्स १०६० च्या तोडीचे ग्राफिक्स कार्ड लागते, आणि तो डिस्कवर भरपूर जागा खातो. ऑनलाइन अर्ज भरायला किंवा टॅलीवर हिशेब लिहायला घेतलेला लॅपटॉप इथे उपयोगाचा नाही. घरात गेमिंगचा संगणक आधीच असेल तर भाग वेगळा; केवळ व्हीआरसाठी तो उभारणे म्हणजे ट्रॉलीपायी ट्रॅक्टर घेणे.

प्लेस्टेशनची वाट त्याहून सरळ आहे, पण अरुंद. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या पीएस व्हीआर२ चा ओएलईडी पडदा काळोख खरोखर काळा दाखवतो. प्रत्येक डोळ्याला २००० बाय २०४० बिंदू आहेत, आणि ‘ग्रान टुरिस्मो ७’ सारखा मोटारींचा खेळ त्यात पूर्ण खेळता येतो. मोटारींच्या शौकिनाला त्यापुढे दुसरे काही सांगू नये. पण तो पीएस५ शिवाय चालत नाही, तार राहतेच, आणि जुन्या प्लेस्टेशन व्हीआरच्या डिस्क त्यात चालत नाहीत. सोनीने ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला संगणकाशी जोडणारा अडॅप्टर काढला खरा, पण त्या जोडणीत डोळ्यांच्या हालचाली टिपणे आणि हेडसेटची थरथर यांसारख्या काही खुब्या चालत नाहीत.

उरली पहिली वाट, आणि बहुतेक घरांसाठी तीच. यात सध्या दोन नावे पुढे येतात: ऑक्टोबर २०२३ चा क्वेस्ट ३ आणि ऑक्टोबर २०२४ चा क्वेस्ट ३एस. अमेरिकेत बाजारात आले तेव्हा पहिल्याची किंमत ४९९ डॉलरपासून, दुसऱ्याची २९९ डॉलरपासून. या आकड्यांना थेट रुपयांत गुणून मोकळे होऊ नये. आयात शुल्क, जीएसटी आणि विक्रेत्याचा नफा मिळून भारतातला आकडा बराच वर जातो, आणि एकाच वस्तूचे भाव दोन विक्रेत्यांकडे चांगलेच वेगळे निघतात. दोन्हींच्या आत एकच प्रोसेसर आहे, दोन्हींची रॅम आठ जीबी. जो खेळ एकात चालतो तो दुसऱ्यात चालतो. मग दोनशे डॉलर कशाचे? मुख्यतः भिंगांचे आणि पडद्याचे.

क्वेस्ट ३ मध्ये प्रत्येक डोळ्याला २०६४ बाय २२०८ बिंदू आणि ‘पॅनकेक’ म्हणतात तसली पातळ भिंगे आहेत. दृश्य कडेपर्यंत रेखीव राहते. ३एस मध्ये १८३२ बाय १९२० बिंदू आणि फ्रेनेल भिंगे आहेत. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी दोनशे वर्षांपूर्वी दीपगृहासाठी काढलेली ही वर्तुळाकार खाचांची युक्ती जगभरच्या दीपगृहांत वापरली गेली. डोळ्यापासून इंचभर अंतरावर मात्र तिचा दोष दिसतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर आले की त्याला प्रकाशाच्या मिशा फुटतात, आणि मध्यापासून नजर जरा बाजूला गेली की दृश्य धुरकट होते. पहिल्या दिवशी हे खटकते. खेळात रमल्यावर बहुतेकांना आठवतही नाही. पण हेडसेटवर मोठा पडदा लावून सिनेमे पाहायचे, बारीक अक्षरे वाचायची, असा बेत असेल तर ते रोज खटकत राहील.

बिंदूंच्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचा एक आकडा खोक्यावर ठळक नसतो. दोन बुबुळांच्या मध्यांमधले अंतर. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटर असते, पण पंचावन्नचेही असते आणि सत्तरचेही. भिंगे या अंतराशी जुळली नाहीत तर दृश्य पुसट दिसते, डोळे ओढल्यासारखे होतात आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकू लागते. क्वेस्ट ३ ला चाक आहे, ते फिरवून ५८ ते ७१ मिलिमीटरमध्ये भिंगे हवी तिथे नेता येतात. ३एस ला तीनच खाचा आहेत: ५८, ६३ आणि ६८. अंतर ६१ किंवा ६६ असलेल्याला जवळची खाच पत्करावी लागते. घरात एकटा मुलगा खेळणार असेल तर हा प्रश्न छोटा. आई, बाबा, काका आणि मुले असे सगळे आलटून-पालटून लावणार असतील तर चाकाची किंमत वसूल होते. अंतर कळायला मोठी तपासणी लागत नाही. चष्म्याच्या दुकानात ‘पीडी’ काढून मागितला की मिनिटात मिळतो. जुन्या चष्म्याच्या कार्डावर कदाचित लिहिलेलाही असेल.

चष्मेवाल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. हेडसेटची भिंगे प्लास्टिकची असतात. चष्म्याची काच त्यांना घासली की ओरखडा उठतो, तो पुन्हा जात नाही आणि नेमका डोळ्यासमोर राहतो. फ्रेम लहान हवी, भिंग आणि चष्मा यांत अंतर राहील अशी सोय हवी, किंवा आपल्या नंबरची वेगळी भिंगे हेडसेटमध्ये बसवून घ्यावीत. पुसायला कोरडे मऊ मायक्रोफायबर कापड. शर्टाच्या टोकाने पुसण्याची सवय मिरजगावच्या धुळीत महागात पडेल.

मग प्रश्न येतो मळमळीचा. एसटी घाट चढू लागली की कुणाला तरी गाडी लागते. कानातला तोल सांगतो की आपण वळतो आहोत, डोळ्यांना मात्र पुढच्या सीटची स्थिर पाठ दिसते. हेडसेटमध्ये हेच उलटे घडते. डोळे सांगतात की आपण धावतो आहोत, शरीर जागचे हललेले नसते. मेंदूला हा विरोध झेपत नाही. ज्याला गाडी लागते त्याला हेडसेट लागण्याची शक्यता अधिक, पण पहिल्या प्रयत्नावर निकाल देऊ नये. मान वळवल्यावर दृश्य बदलायला साधारण वीस मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागला तर त्रास वाढतो. आजचे चांगले हेडसेट त्या मर्यादेत राहतात, मोबाइलची खोकी राहत नाहीत. बाकीचे खेळावर अवलंबून आहे. प्रागच्या बीट गेम्सचा ‘बीट सेबर’, ज्यात दोन्ही हातांतल्या प्रकाशाच्या तलवारींनी तालावर ठोकळे कापायचे असतात, किंवा टेबल टेनिसचा ‘इलेव्हन’, यांत खेळाडू स्वतः चालतो तेवढाच चालतो. मळमळ क्वचित. याउलट अंगठ्याने काडी ढकलून पळायचे खेळ आणि झोपाळ्यागत झुलणारे खेळ नवख्याला दहा मिनिटांत आडवे करतात. मॉलमध्ये किंवा जत्रेत अंड्याच्या आकाराच्या हलत्या खुर्चीत बसवून रोलर कोस्टर दाखवतात, त्यावरून घरच्या हेडसेटचा अंदाज बांधला तर तो चुकेल. कपाळाला घाम फुटला की थांबायचे; ‘सवय होईल’ म्हणून रेटायचे नाही. आलेपाकाची वडी चघळायला कुणाची हरकत नसावी.

आता वीज. हेडसेटची तुलना करणाऱ्या तक्त्यांत हा रकाना कुठेच नसतो. स्वतंत्र हेडसेट बॅटरीवर चालतो: क्वेस्ट ३ सव्वादोन तासांच्या आसपास, ३एस अडीच तासांच्या आसपास. म्हणजे महावितरणने खेळ मध्येच बंद पाडायचा प्रश्न नाही, असे वाटते. तसे नाही. वीज गेली की खोलीत अंधार होतो, हेडसेटवरच्या कॅमेऱ्यांना भिंती दिसेनाशा होतात आणि हेडसेट जागा सापडत नसल्याची तक्रार करतो. राउटरही मरतो, त्यामुळे ऑनलाइन खेळणारा भिडू समोरून नाहीसा होतो. इन्व्हर्टरवर खोलीतली एक ट्यूब आणि राउटर असले तर दोन्ही प्रश्न सुटतात. संगणकाच्या वाटेने गेलेल्याला मात्र एवढ्याने भागत नाही. मळ्यातल्या वस्तीवर राहणाऱ्याने, जिथे विजेचे वेळापत्रक गावठाणाहून वेगळे असते, तारेच्या हेडसेटचा विचारही करू नये.

दुसरे, उष्मा. रेहेकुरीच्या माळावर काळवीट सावली शोधतात त्या एप्रिल-मे महिन्यांत या भागात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर जातो. हेडसेटमध्ये प्रोसेसर, बॅटरी आणि छोटा पंखा एकत्र कोंबलेले असतात. तो तापतो, इशारा देतो आणि मग बंद होतो. तापलेल्या बॅटरीचे आयुष्यही घटते. उन्हाळी सुट्टी हा मुलांचा खेळण्याचा हंगाम आणि हेडसेटचा सर्वांत वाईट हंगाम, हे नशीब. पहाटे किंवा रात्री खेळावे, दुपारी यंत्राला कपाटात झोपू द्यावे.

खेळ उतरवून घ्यायला चांगले इंटरनेट लागते. मोठे खेळ दहा, वीस, तीस जीबीचे असतात. घरी फायबर असेल तर रात्री लावून झोपावे. मोबाइलच्या रोजच्या कोट्यावर हे परवडत नाही. ज्यांच्याकडे गेमिंग संगणक आहे त्यांना क्वेस्टवरून बिनतारी संगणकाचे खेळ खेळता येतात, पण त्यासाठी संगणक केबलने राउटरला जोडलेला हवा आणि राउटर पाच गिगाहर्ट्झचा, त्याच खोलीत. भिंतीपलीकडच्या राउटरवर चित्र अडखळते, आणि व्हीआरमध्ये अडखळणे म्हणजे मळमळ.

जुना हेडसेट स्वस्तात मिळतो म्हणून घ्यावा का? इथे एक खरी कथा सांगायला हवी. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज मिक्स्ड रिॲलिटी’ या व्यवस्थेवर एचपी, एसर, लेनोवो, सॅमसंग अशा कंपन्यांनी हेडसेट काढले. एचपीचा रिव्हर्ब जी२ तर २०२० मध्ये सहाशे डॉलरचा, पडद्याच्या रेखीवपणासाठी नावाजलेला. मायक्रोसॉफ्टने ही व्यवस्था गुंडाळायचे ठरवले आणि २०२४ मधल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीतून ती काढून टाकली. संगणक अद्ययावत केलेल्या माणसाचे धडधाकट यंत्र एका रात्रीत मुके झाले. जुन्या वस्तूंच्या बाजारात हे हेडसेट ‘नवाकोरा, कमी वापरलेला’ म्हणून दिसतात. ते खरोखर कमी वापरलेले असतात. कारण वेगळे असते. पहिला क्वेस्टही टाळावा, मेटाने त्याचा आधार काढून घेतला आहे. क्वेस्ट २ अजून चालतो, पण त्यातून बाहेरची खोली काळी-पांढरी आणि गढूळ दिसते. क्वेस्ट ३ आणि ३एस मध्ये ती रंगीत दिसते, आणि ही नुसती चैन नाही. रांगते मूल पायांत आले, मांजर आडवे गेले, कुणी चहाचा कप पुढे केला, तर हेडसेट न काढता दिसावे लागते. आपल्या घरांत खोली कुणा एकट्याची नसते.

कंपनीच्या मर्जीचा प्रश्न नव्या हेडसेटलाही आहे. जानेवारी २०२६ मध्ये मेटाने व्हीआर खेळ बनवणारे आपले तीन स्टुडिओ बंद केले. नवे हेडसेट मात्र येतच आहेत: वाल्व्हने नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘स्टीम फ्रेम’ जाहीर केला, सॅमसंगने त्याआधी महिनाभर अठराशे डॉलरचा ‘गॅलेक्सी एक्सआर’ आणला. ॲपलचा ‘व्हिजन प्रो’ ३,४९९ डॉलरचा, आणि त्यात खेळ ही दुय्यम गोष्ट. ठाण्याची अज्नालेन्स ही मराठी मातीतली कंपनी हेडसेट बनवते, पण तिचा रोख प्रशिक्षण आणि उद्योगांकडे आहे. ‘नवे येईल तेव्हा घेऊ’ म्हणणाऱ्याने मोबाइलचा अनुभव आठवावा: नवे येतच राहते. पण खेळ विकत घेताना एक भान असावे: ते आपल्या खात्यावर, त्या कंपनीच्या दुकानात असतात. हेडसेट विकला तरी खेळ खरेदीदाराकडे जात नाहीत, आणि जुना क्वेस्ट घेताना आधीच्या मालकाने तो स्वतःच्या खात्यावरून काढून मूळ स्थितीत आणला आहे, हे समोरासमोर बघून घ्यावे.

मुलांच्या वयाबद्दल कंपन्यांचे म्हणणे स्पष्ट आहे. मेटा आधी तेरा वर्षे म्हणत होती, २०२३ मध्ये तिने पालकांच्या देखरेखीखाली दहा वर्षांपर्यंत मुभा दिली. सोनी बारा म्हणते. लहान मुलांच्या बुबुळांतले अंतर कमी असते, भिंगे तेवढी जवळ येत नाहीत, म्हणून सहा वर्षांच्या मुलाने ‘मला पण’ म्हटले तरी ‘तू मोठा हो’ हेच उत्तर. अर्धा किलो वजन त्याच्या मानेवर लादण्यातही शहाणपण नाही.

एकाच हेडसेटमध्ये अनेक चेहरे जातात तेव्हा घाम जातो, तेल जाते, कुंकूही जाते. २०२१ मध्ये फेसबुकला क्वेस्ट २ चे चेहऱ्याला टेकणारे फोम परत बोलवावे लागले. त्वचेला खाज आणि पुरळ उठल्याच्या तक्रारी होत्या, आणि एकट्या अमेरिकेत असे सुमारे चाळीस लाख नग होते. त्यानंतर धुता येणारी सिलिकॉनची आवरणे सर्रास झाली. ती घ्यावीतच. २०२३ च्या जुलैत आळंदीपासून सुरू होऊन राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली होती. अशा दिवसांत हेडसेट एकाच्या डोळ्यांवरून दुसऱ्याच्या डोळ्यांवर गेला तर काय होईल ते डॉक्टरांनी सांगायची गरज नाही.

पाहुणे आले की हेडसेट हमखास बाहेर निघतो, आणि तेव्हा काय दाखवायचे हा प्रश्न उरतो. खेळांची भाषा बहुतेक इंग्रजी. क्रिकेटवेड्यांसाठी हैदराबादच्या प्रोयुगा कंपनीचा ‘आयबी क्रिकेट’ आहे, त्यात आपण बॅट धरून उभे राहतो आणि चेंडू खरोखर अंगावर येतो. पण ज्यांना खेळात रस नाही त्यांना बसल्या जागी फिरवून आणावे. गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूला केंद्र सरकारने २०१६ मध्ये परवानगी नाकारली होती. अखेर जुलै २०२२ मध्ये टेक महिंद्रा आणि मुंबईच्या जेनेसिस कंपनीच्या मदतीने तो दहा शहरांत सुरू झाला, आणि मुंबई, दिल्ली, बंगळुरूच्या त्या पहिल्या यादीत तेव्हाचे अहमदनगर, आजचे अहिल्यानगर होते. क्वेस्टवरचे ‘वाँडर’ हे ॲप हीच दृश्ये गोलाकार दाखवते. गुडघ्यांमुळे नगरला जाणे बंद झालेल्या माणसाला खुर्चीत बसवून तिथल्या रस्त्यावर उभे करता येते, मान वळवली की दुकानांच्या पाट्या वाचता येतात. ‘हे दुकान तर बंद पडलं होतं ना?’ अशा प्रश्नाने सुरू झालेले बोलणे मग तासभर हेडसेटशिवायच चालते. साडेसहा फूट जागाही यासाठी लागत नाही.

मग घ्यावा कोणता? घरात पीएस५ असेल आणि मोटारींचा नाद असेल तर पीएस व्हीआर२. अनेक जण वापरणार असतील, कुणाला चष्मा असेल, सिनेमेही बघायचे असतील आणि खिसा साथ देत असेल तर क्वेस्ट ३. एकट्या-दुकट्या खेळणाऱ्याला, पहिल्यांदाच घेणाऱ्याला, ३एस. वाचलेल्या पैशांतून डोक्याचा जरा बरा पट्टा, सिलिकॉनचे आवरण आणि दोन-तीन खेळ येतात, आणि सोबत येणाऱ्या मऊ पट्ट्यावर पुढे झुकणारे ते अर्धा किलो पाहता चांगला पट्टा ही चैन मानता येत नाही.

दसरा-दिवाळीच्या ऑनलाइन सवलतींत घेणाऱ्याने बिल भारतातल्या नोंदणीकृत विक्रेत्याचे आहे का आणि हमी कोण पाळणार हे आधी विचारावे. परदेशातून आणलेल्या यंत्राची हमी अनेकदा विक्रेत्याच्या शब्दापुरतीच असते. माल परत करायची मुदत थोड्या दिवसांचीच असते, आणि फराळ, भाऊबीज, पाहुणे यांत ती कधी सरते कळत नाही. म्हणून खोके आले त्याच दिवशी उघडावे, पांढऱ्या पडद्यावर मेलेले बिंदू शोधावेत, काळ्या पडद्यावर चमकते बिंदू शोधावेत, दोन्ही कंट्रोलरच्या काड्या आपोआप सरकतात का ते पाहावे आणि बॅटरी पूर्ण भरून एकदा संपवून बघावी. क्वेस्टच्या प्रत्येक कंट्रोलरला एक साधा पेन्सिल सेल लागतो. तो मिरजगावातल्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतो, पण महिनाभर खेळणाऱ्या घराने पुन्हा चार्ज होणारे चार सेल आणि त्यांचा चार्जर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवावा.